किंमत आधी, होकार नंतर

साबणाच्या वडीवर किंवा चहाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीशेजारी ‘सर्व करांसह’ असे शब्द असतात. आपण ते सहसा वाचत नाही. परंतु या दोन शब्दांना इतिहास आहे. वजने व मापे मानक अधिनियम, १९७६ याखाली १९७७ साली आवेष्टित वस्तूंविषयीचे नियम करण्यात आले. उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन आणि विक्रीची किंमत वेष्टनावर छापणे त्यांनुसार बंधनकारक झाले. त्या काळी किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहिण्याची मुभा होती. करांचे दर ठिकठिकाणी निराळे असल्याने ही मुभा वरवर पाहता समंजसपणाची होती. व्यवहारात मात्र तिचा अर्थ, दुकानदार सांगेल तो कर, असा होऊ लागला. कराचा खरा दर ग्राहकाला ठाऊक नसे आणि वस्तू हाती घेतल्यावर दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्यास मन धजत नसे. अखेर १९९० साली नियम बदलण्यात आले आणि छापील किंमत ही सर्व कर धरूनच असली पाहिजे, असे ठरले.

या बदलामागील तत्त्व साधे आहे. ग्राहकाने होकार देण्यापूर्वी त्याला पूर्ण किंमत कळली पाहिजे. होकारानंतर कळलेली किंमत ही किंमत नव्हे, तो अडवणुकीचा एक प्रकार होय. गेल्या काही वर्षांत जाहिराती, सवलती आणि मासिक वर्गण्या यांविषयी जे नियम आले आहेत, ते या एकाच तत्त्वाचा विस्तार आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एक अपवाद मात्र येथेच नोंदविला पाहिजे, कारण त्याविषयी वारंवार विचारणा होते. उपाहारगृहात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीस छापील किमतीहून अधिक आकार घेता येतो. तेथे केवळ वस्तूची विक्री नसून सेवाही असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. दुकानात हीच सबब चालत नाही.

कायद्याची वाटचाल

आपल्या राज्यात ग्राहक चळवळीचा पाया कायद्यापूर्वीच घातला गेला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्र खरेदी करून सभासदांत माल वाटण्याची पद्धत रुजविली. फसव्या जाहिरातींविरुद्धचे तपशीलवार कलम मात्र १९८४ मध्ये आले. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ मध्ये त्या वर्षी दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना कायद्यात दाखल झाली. ती १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने स्वीकारली आणि तेथून ती २०१९ च्या अधिनियमात आली. हा नवा अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पूर्वी प्रत्येक फसलेल्या ग्राहकाला स्वतः दाद मागावी लागे. आता एकाच जाहिरातीने अनेकांचे नुकसान होत असेल, तर प्राधिकरण स्वतः होऊन चौकशी करू शकते, जाहिरात थांबवू शकते आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तोच अपराध घडल्यास ही मर्यादा ५० लाख रुपये आहे.

सवलत आणि ‘मोफत’

खोडलेली मोठी किंमत आणि तिच्याशेजारी लाल अक्षरांतील लहान किंमत, हे दृश्य आता तालुक्याच्या गावीही नवे राहिलेले नाही. सवलत देण्यास कायद्याची काहीच हरकत नाही. हरकत आहे ती खोट्या तुलनेला. ज्या भावाने ती वस्तू कधी विकलीच गेली नाही, तो भाव ‘मूळ किंमत’ म्हणून दाखवून त्यावर सूट जाहीर करणे ही अनुचित प्रथा ठरते. जाहीर केलेल्या सवलतीच्या भावाने माल विकण्याचा हेतूच नसताना केवळ गिऱ्हाईक दुकानात यावे म्हणून जाहिरात करणे, हेही तसेच. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा आमिषाच्या जाहिरातींसाठी स्पष्ट अटी आहेत. जाहीर केलेल्या किमतीस पुरेसा माल उपलब्ध होईल असे मानण्यास जाहिरातदाराकडे वाजवी आधार हवा आणि साठा मर्यादित असेल तर ते जाहिरातीतच सांगितले पाहिजे.

‘मोफत’ या शब्दाकडेही बारकाईने पाहावे. एखादी भेटवस्तू मोफत असल्याचे भासवून तिची किंमत मुख्य वस्तूच्या किमतीत मिसळणे कायद्याला मान्य नाही. तारकाचिन्ह लावून खाली बारीक अक्षरांत अटी छापल्या म्हणून मुख्य दावा खोटा ठरण्यापासून वाचत नाही. खालच्या अटीने वरच्या दाव्याचा खुलासा करावा, त्याला छेद देऊ नये, अशी सूचनांची भूमिका आहे.

शिक्षक वाचकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या शिकवणी वर्गांविषयीच्या सूचना अवश्य पाहाव्यात. निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांशी त्यांचा थेट संबंध आहे. ज्या वर्गात ५० हून अधिक विद्यार्थी शिकतात, त्याला यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी लागते आणि ही संमती निवड झाल्यानंतरच घेतलेली असावी लागते. प्रवेशाच्या वेळीच अर्जावर सही घेऊन ठेवणे पुरत नाही. शिवाय त्या विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ आणि शुल्क भरून केला की विनाशुल्क, हेही सांगितले पाहिजे. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. परीक्षेच्या अखेरीस आठवडाभर मुलाखतीचा विनामूल्य सराव करून गेलेला विद्यार्थी फलकावर झळकतो आणि तो पाहून एखादे शेतकरी कुटुंब दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क कर्ज काढून भरते. कायद्याच्या भाषेत याला महत्त्वाची माहिती दडविणे म्हणतात. त्या कुटुंबाच्या दृष्टीने ते एका हंगामाचे उत्पन्न असते.

थेंबाथेंबाने वाढणारी किंमत

दूरध्वनीच्या पडद्यावरून होणाऱ्या खरेदीत ‘स्थानिक कर वेगळे’ या जुन्या युक्तीने पुनर्जन्म घेतला आहे. तिकीट ५०० रुपयांचे दिसते. नाव, वय, आसन असे सारे भरून झाले की सुविधा शुल्क, हाताळणी शुल्क आणि न मागितलेला विमा असे एकेक आकडे त्यात मिळत जातात. तोवर ग्राहकाचा अर्धा तास गेलेला असतो आणि मागे फिरणे जिवावर येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी अशा १३ क्लृप्त्यांची यादी केली आहे. इंग्रजीतून आलेले ‘डार्क पॅटर्न’ हे नाव आता मराठी वृत्तपत्रांतही रुळले आहे. किंमत तुकड्यातुकड्यांनी उघड करणे, न मागितलेली वस्तू वा देणगी यादीत घालणे, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, विमा नाकारणाऱ्याला ‘मला असुरक्षित राहायचे आहे’ अशा वाक्यावर बोट ठेवायला लावून खजील करणे, हे सारे त्यात येते. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनी तर आधीच खूण केलेल्या चौकटीस संमती मानण्यास मनाई केली आहे. होकार ग्राहकाने स्वतः दिलेला असला पाहिजे.

हे केवळ पडद्यापुरते नाही. पैसे देण्याच्या खिडकीपाशी पोहोचल्यावर कापडी वा कागदी पिशवीचे वेगळे पैसे मागण्याच्या एका प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ती प्रथा अनुचित ठरविली. पिशवीची किंमत घेऊच नये असे आयोगाने म्हटले नाही. ग्राहकाने दुकान निवडण्यापूर्वी आणि माल उचलण्यापूर्वी त्याला ते कळायला हवे होते, हा आक्षेप होता.

वर्गणीचा सापळा

या साऱ्यांत सर्वांत शांतपणे होणारे नुकसान वर्गणीचे आहे. समजा, एखाद्या आईने मुलाच्या अभ्यासासाठी ‘सात दिवस मोफत’ असे लिहिलेली सेवा घेतली. मोफत असूनही खात्याचा तपशील मागण्यात आला आणि सांकेतिक क्रमांक टाकताच दरमहा पैसे वळते करण्याची कायम परवानगी दिली गेली. आठव्या दिवसापासून दरमहा १९९ रुपये जाऊ लागले. सेवा सुरू करण्यास एक स्पर्श पुरला. बंद करण्याची वाट मात्र सापडत नाही, सापडली तर पाच पाने ओलांडावी लागतात. सूचनांनी नेमक्या याच गोष्टी सापळा म्हणून नमूद केल्या आहेत. वर्गणी रद्द करणे अशक्य वा किचकट करणे, रद्द करण्याची सोय लपविणे आणि मोफत सेवेसाठी आपोआप वसुलीची परवानगी मागणे, या त्या होत.

गावाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. रोजगार हमीची मजुरी, निवृत्तिवेतन, पीकविम्याची भरपाई या रकमा आता त्याच खात्यात जमा होतात. ज्या खात्यात महिन्याकाठी जेमतेम हजार-दीड हजार रुपये येतात, त्यातून १९९ रुपये जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू केलेल्या व्यवस्थेनुसार अशी प्रत्येक वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी खातेदाराला सूचना मिळाली पाहिजे. ती समजेल अशा भाषेत असावी आणि ती वसुली किंवा संपूर्ण परवानगीच रद्द करण्याची सोय त्याला असावी. सूचना बहुतेक वेळा इंग्रजी लघुसंदेशाने येते आणि जाहिरातींच्या गर्दीत ती न वाचताच जाते, हा या व्यवस्थेतील उणेपणा मान्य केला पाहिजे. दूरध्वनीवरील पैशांच्या उपयोजनात ‘ऑटोपे’ या नावाखाली अशा चालू परवानग्यांची यादी दिसते. ग्रामपंचायतीतील संगणक चालकाने वा शाळेतील शिक्षकाने चार जणांना ती यादी उघडून दाखविली, तरी पुष्कळ गळती थांबेल.

दाद कोठे मागावी

मालास वा सेवेस दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. विक्रेत्याचे कार्यालय कोठेही असो, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही २०१९ च्या अधिनियमाने दिलेली मोठी सवलत आहे. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर नोंद केल्यास काही प्रकरणे आपसांत मिटतात. छापील किमतीहून अधिक आकारणी झाल्यास वैध मापन निरीक्षकाकडे जावे.

१९९ रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि सापळा लावणाऱ्यांचा हिशेबही त्यावरच उभा असतो. म्हणूनच अधिनियमातील कलम १७ अधिकारी व पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ग्राहकांच्या समूहाला बाधक ठरणाऱ्या फसव्या जाहिरातीविषयी किंवा अनुचित प्रथेविषयी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. कलम १६ अन्वये त्यांना चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठविण्याचा अधिकार आहे. गावातील दहा घरांतून एकाच सेवेची वर्गणी कापली जात असेल, तर दहा जणांच्या सह्यांचा एक अर्ज या वाटेने पुढे जाऊ शकतो.

अर्जासोबत पुरावा लागेल. पावती मागावी, ती न देणे हीही अधिनियमानुसार अनुचित प्रथाच आहे. फलकाचे छायाचित्र घ्यावे, वृत्तपत्रातील जाहिरात तारखेसह कापून ठेवावी. पडद्यावरील किमतीचे व अटींचे चित्र मात्र पैसे देण्यापूर्वीच जतन करावे, कारण तो मजकूर दुसऱ्या दिवशी तेथे असेलच असे नाही.