चाळीस वर्षें थांबलेल्या भिंती



मुंबईस गेलेल्या पुष्कळांस चर्चगेट स्टेशन ठाऊक असेल. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजांतून चर्चकडे वाट जात असे, त्या दरवाजाचें हें नांव. दरवाजा आतां नाहीं. पण तें चर्च, म्हणजे संत थोमाचें कॅथीड्रल, हॉर्निमन सर्कलजवळ आजहि उभें आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलांत, १६७६ सालीं, गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या कारकीर्दींत त्याचें काम आरंभलें. पुढच्याच वर्षीं ऑन्जियर निवर्तले. भिंती सुमारें पंधरा फूट चढल्या आणि काम थांबलें. सुमारें चाळीस वर्षें त्या ऊनपाऊस सोशीत तशाच उभ्या राहिल्या.

१७१४ सालीं रिचर्ड कॉब नांवाचे पाळक मुंबईस आले. त्यांनीं उपदेशांतून लोकांस जागें केलें, वर्गणी जमविली, आणि थांबलेलें काम तडीस नेलें. १७१८ च्या नाताळच्या दिवशीं मंदिर उपासनेसाठीं उघडलें.

‘कॅथीड्रल’ हा शब्द आसन या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. ज्या मंदिरांत बिशपाचें आसन असतें तें कॅथीड्रल. इमारतीच्या भव्यतेमुळें हें नांव मिळत नाहीं. थॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले, तेव्हां १८३७ मध्यें या मंदिरास तो मान मिळाला. मूळची इमारत साधी होती. घड्याळाचा मनोरा आणि पूर्वेकडील पवित्र मेजाभोंवतालचा भाग एकोणिसाव्या शतकांत झाला. प्रवेशाजवळील कारंजें कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांचें दान होय.

आंतील संगमरवरी स्मारकें बहुतकरून इंग्रज अधिकाऱ्यांचीं आहेत. तथापि १९७० पासून हें मंदिर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या भारतीय मंडळीचें आहे. आपण पाया कोणासाठीं घालतों, हें घालणारास पुरतें कळत नाहीं.

लूक १४:२८-३० येथें प्रभु बुरूज बांधणारास आधीं खर्चाचा हिशेब करावयास सांगतो. तो इशारा आरंभ करणारांस आहे. कॉब यांची गोष्ट मागून येणारांस आहे. आपल्या गांवीं प्रार्थनामंदिराची भिंत अर्धवट राहिली असेल, किंवा रात्रीची शाळा बंद पडली असेल. तर आधींच्या मंडळींस दोष देत बसूं नये. काय उभें आहे तें पाहावें आणि पुढचा दगड ठेवावा.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न:
१. कॅथीड्रल कशास म्हणतात?
२. आपल्या मंडळींत कोणतें काम अर्धवट आहे, आणि या महिन्यांत त्याचा कोणता भाग पुरा होईल?