माळ घातली, आता ताटात काय?

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात वारकरी परंपरा जुनी. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी, आळ्याला ज्ञानोबांनी वेद वदविलेल्या रेड्याची. गळ्यात तुळशीची माळ आली की मटण, मासे, अंडी एका दिवसात बंद होतात. कोणी श्रद्धेने सोडतो, कोणी प्रकृतीसाठी. कारण कोणतेही असो, दवाखान्यात मी एकच विचारतो: सोडले ते कळले, त्याऐवजी धरले काय?

शाकाहार एकाच तऱ्हेचा नसतो. दूधदुभते घ्यायचे पण अंडे नाही, हा माळकऱ्यांचा रूढ प्रकार. काही जण दूध आणि अंडी दोन्ही घेतात. हल्ली शहरातून तिसरा प्रकार आला आहे, त्यात दूध-दही-तूपही वर्ज्य.

प्रथिनांची काळजी लोक उगाच जास्त करतात. पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिने लागतात. दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी, मूठभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, थोडे शेंगदाणे आणि पेलाभर दूध, एवढ्यात ती भरतात. धान्यात जे कमी असते ते कडधान्य भरून काढते, म्हणून नुसत्या भाकरी-ठेच्यावर भागवू नये.

खरी अडचण ब-१२ जीवनसत्त्वाची. ते भाजीत नाही, डाळीत नाही, इडलीच्या आंबवणातही भरवशाचे नाही. प्राणिज अन्नातच ते मिळते. शाकाहाऱ्याला दूध-दही आणि चालत असेल तर अंडे, एवढाच नैसर्गिक मार्ग. रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचे दही पोटात गेले तर गरज बरीचशी भागते. चहातले दोन चमचे दूध यात धरू नका! आमच्याकडची गंमत अशी की गोठ्यात दोन गाई असतात, पण सगळे दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. त्यातूनही थोडे राहिले तर ते आधी नातवाला आणि घरधन्याला. सुनेच्या वाट्याला पातळ ताक.

हे मी हलक्याने म्हणत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश बायांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. आईच्या या कमतरतेचा संबंध पुढे मुलांच्या प्रकृतीशीही दिसून आला. तेव्हा घरात दिवस गेलेली सून असेल तर डेअरीला घालायच्या आधी तिचे दूध बाजूला काढा.

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात दुधाची रेलचेल नाही. तिथे भात, नाचणी आणि ओढ्यातले मासे-खेकडे. नाचणीत वजनाला वजन दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते, पण ब-१२ मुळीच नाही. तिथल्या माणसाने मासे सोडले आणि दूध परवडत नसेल तर घरच्या कोंबडीचे अंडे धरावे. अंडेही नको असेल, किंवा तिसऱ्या प्रकारचा आहार धरायचा असेल, तर ब-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून कायमची घ्यावी लागते. त्याला पर्याय नाही.

लोहाचेही थोडे सांगतो. पालेभाजी, हुलगे, बाजरी यांतले लोह अंगी लागायला सोबत आंबट हवे. उसळीवर लिंबू पिळा, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो कच्चा खा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. चहा लोह अडवतो.

हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन सोलणे, चालताना तोल जाणे, न उतरणारा थकवा, अशी लक्षणे असतील तर रक्तातले ब-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिन बरे निघाले म्हणून निश्चिंत राहू नका, ब-१२ तरीही कमी असू शकते. नुसती फॉलिक अॅसिडची गोळी घेतली तर रक्त सुधारते आणि नसांचे नुकसान मात्र चालूच राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या माळकऱ्यांनी लक्षणांची वाट न पाहता ही तपासणी करावी. त्या गोळ्यांनी ब-१२ कमी शोषले जाते. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.