पत्ता आधी, पाठवणी नंतर

दुकानाच्या बिलांचा प्रोग्रॅम दोघे-तिघे मिळून लिहितात, तेव्हा प्रत्येक बदलाची नोंद 'गिट' ठेवते. कामाच्या एकेका फाट्याला 'ब्रँच', सामायिक कोठाराला 'रिमोट' आणि तिकडे काम रवाना करण्याला 'पुश' म्हणतात.

पूर्वी नुसते 'गिट पुश' म्हटले की दोन्हीकडे एकाच नावाच्या असलेल्या सर्व ब्रँच एकदम जात. अर्धवट कामही त्यात जाई आणि गिऱ्हाइकाच्या हाती चुकीचे बिल पडण्याची भीती असे. 2014 च्या गिट 2.0 पासून 'सिंपल' पद्धत आपोआप लागू आहे. आपण ज्या ब्रँचवर आहोत तेवढीच जाते, आणि ठरलेल्या ब्रँचचे नाव वेगळे असल्यास गिट नकार देते.

काम एका कोठारातून घ्यायचे आणि दुसऱ्याकडे पाठवायचे असेल, तर 'रिमोट डॉट पुशडिफॉल्ट' या सेटिंगमध्ये दुसऱ्याचे नाव एकदाच लिहून ठेवावे. एखाद्याच ब्रँचचा पत्ता निराळा असेल तर तिच्यापुरते 'पुशरिमोट' आहे. आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो: आधी 'गिट पुश'ला 'ड्राय-रन' जोडा. काहीही न जाता काय कोठे जाणार, ते दिसते.

बिल्टी तपासल्याशिवाय आपण माल सोडत नाही. तीच सवय येथेही ठेवू या.