पट्टीवरचं नाव

पोरी, तू पाठवलेला आलेख काल रात्री दोनदा पाहिला. चार चौकटी, हवामान खात्याचे चार उपविभाग, जून ते सप्टेंबरचा पाऊस. रेषा नेटक्या आल्यात, रंगही डोळ्यांना त्रास देत नाहीत. पण प्रत्येक चौकटीच्या वर जी राखाडी पट्टी आहे, तिच्यावर तुझ्या फाइलमधले आखूड संकेतच छापले गेलेत. ते तुला आणि तुझ्या फाइलला ठाऊक. कृषी अधिकाऱ्याने किंवा वाचकाने ते कुठून शोधायचे?

तीस-एक वर्षं आकडेमोडीत काढल्यावर जे हाती उरलं, ते तुला सांगते. आर या संगणकभाषेतल्या फंक्शनांची नावं बोलते तशीच लिहितेय. टाइप करताना रोमन अक्षरं, अधोरेखा, टिंब हे तू जिथल्या तिथे घालशीलच.

सगळ्यात आधी एक पथ्य. पट्टीवरचं नाव बदलायचं म्हणून डेटातलं नाव कधी बदलायचं नाही. डेटात ‘केजी’, ‘एमएम’ असे आखूड संकेत राहू देत. ‘कोकण व गोवा’, ‘मध्य महाराष्ट्र’ ही मोठी नावं वेगळ्या यादीत ठेव आणि ती यादी ‘फॅसेट रॅप’ला ‘लेबलर’मधून दे, ‘ॲज लेबलर’ वापरून. यादीत डाव्या बाजूला जुना संकेत, उजव्या बाजूला नवं नाव. हे लक्षात ठेव, कारण ‘फॉरकॅट्स’ पॅकेजमधल्या ‘एफसीटी रिकोड’मध्ये नेमकं उलटं असतं: तिथे डावीकडे नवं आणि उजवीकडे जुनं. दोन्ही एकाच दिवशी वापरलीस की हात चुकतो. या यादीचा मोठा गुण असा की संकेत जुळला नाही, शेवटी एखादी रिकामी जागा राहिली असली तरी, पट्टीवर ‘एनए’ उमटतं. चूक लपत नाही.

लपणारी चूक कशी असते, ते माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते.

महिन्यांच्या चार चौकटी करायच्या होत्या. महिने डेटात इंग्रजीत होते. आरला क्रम सांगितला नाही तर तो वर्णानुक्रम धरतो: ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर. मराठीत लिहिलेस तरी नेमका हाच क्रम लागतो. मला पट्ट्यांवर मराठी नावं हवी होती, म्हणून मी ‘लेव्हल्स’ला सरळ नवी यादी चिकटवली: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चौकटी ओळीत छान लागल्या, नावं मराठीत आली, मी समाधानाने छापून दिलं. प्रत्यक्षात ‘लेव्हल्स’ला यादी चिकटवली की क्रम बदलत नाही, फक्त जागेवरची नावं बदलतात. ऑगस्टच्या चौकटीवर ‘जून’ आणि जूनच्या चौकटीवर ‘ऑगस्ट’ लागलं होतं. जुलै आणि सप्टेंबर मात्र योगायोगाने बरोबर. निम्म्या पट्ट्या खऱ्या, निम्म्या खोट्या, आणि क्रम इतका शहाणा की शंकाच येऊ नये. आमच्याकडे पर्जन्यमापक वाचायला येणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, “बाई, त्या वर्षी जूनमध्ये पेरण्या खोळंबल्या होत्या, आणि तुमच्या जूनला तर धो धो दिसतोय.” आकडे तेच, रेषा त्याच, फक्त पट्टी खोटं बोलत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी ‘फॅक्टर’ नव्याने बांधते आणि त्यात दोन्ही गोष्टी एकत्र सांगते: ‘लेव्हल्स’मध्ये डेटातली मूळ नावं मला हव्या त्या क्रमाने, आणि खाली, बरोबर त्याच क्रमाने, ‘लेबल्स’मध्ये छापायची नावं. दोन ओळी एकाखाली एक, जूनखाली जून, जुलैखाली जुलै. डोळ्यांनी पडताळता येतं.

पट्टीचं आणि चौकटींच्या क्रमाचं मोल किती, याची एक जुनी गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९३१ आणि १९३२ या दोन वर्षांत सहा ठिकाणी सातूच्या दहा वाणांची चाचणी झाली होती. ते आकडे सांख्यिकीच्या पुस्तकांमध्ये अनेकदा वापरले गेले. मग बेल लॅब्समधल्या विल्यम क्लीव्हलँड यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक ठिकाणाची वेगळी चौकट काढली आणि चौकटी वर्णानुक्रमाने न लावता मध्यकाच्या चढत्या क्रमाने लावल्या. पाच ठिकाणी १९३१चं उत्पादन एकंदरीत जास्त, आणि मॉरिस नावाच्या एकाच ठिकाणी उलटं. त्यांचा तर्क असा की मॉरिसची दोन वर्षं नोंदताना अदलाबदल झाली असावी. २०१३ मध्ये केव्हिन राइट यांनी जास्त वर्षांच्या नोंदी आणि हवामान तपासून मांडलं की अदलाबदल मानायची गरज नाही, असा फरक निसर्गतःही पडू शकतो. हे आकडे आजही ‘लॅटिस’ पॅकेजमध्ये ‘बार्ली’ नावाने आहेत. एकदा स्वतः काढून बघ. आधी ठिकाणं वर्णानुक्रमाने लाव, मग मध्यकाने. मॉरिस कसं पुढे येतं ते पाहिलंस की क्रमाबद्दल मला जास्त बोलावं लागणार नाही.

तुझ्या उपविभागांचा क्रम मात्र नशिबाने चांगला लागलाय. कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ: वर्णानुक्रमही हाच आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जातानाचा क्रमही हाच. तरीही तो स्वतः लिहून दे. उद्या कुणी एखादं नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलं, तर क्रम बदलू शकतो. आणि चारही चौकटी एका ओळीत ठेव. समुद्राकडून आत जाताना सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस कसा ओसरतो, ते मग नकाशा न काढताही कळतं.

इथे एक सावधगिरी. तू ‘स्केल्स’ला ‘फ्री वाय’ दिलंयस, म्हणजे प्रत्येक चौकटीची उभी मोजपट्टी वेगळी. या चार महिन्यांत कोकण-गोव्यात मराठवाड्याच्या चौपटीच्या आसपास पाऊस पडतो, आणि तुझ्या आलेखात दोन्हीकडच्या रेषा सारख्याच उंचीच्या दिसतात. मोजपट्टी मोकळी ठेवायचीच असेल, तर पट्टीवर नावाखाली दुसऱ्या ओळीत त्या उपविभागाची सरासरी मिलिमीटरमध्ये लिही. ती हाताने टाइप करू नकोस, डेटातून काढून ‘पेस्ट’ने जोड. डेटा बदलला की पट्टीही बदलली पाहिजे. जिल्ह्यांची संख्याही अशीच जोडता येते: मराठवाडा ८, विदर्भ ११.

पट्टीवर नुसता आकडा असेल, समजा २०१५ किंवा ३०, तर ‘लेबल बोथ’ वापर. ते चलाचं नावही पुढे लावतं. डेटातल्या स्तंभाचं नावच छापलं जातं, म्हणून ते नाव माणसाला वाचता येईल असं हवं.

पाऊस आणि तापमान अशा दोन वेगळ्या राशी एकाखाली एक दाखवताना मी पट्टीलाच अक्षाचं शीर्षक करते. ‘स्ट्रिप पोझिशन’ डावीकडे, थीममध्ये ‘स्ट्रिप प्लेसमेंट’ बाहेर, आणि उभ्या अक्षाचं मूळ शीर्षक काढून टाकायचं. मग डावीकडे ‘पाऊस (मिमी)’ आणि खाली ‘तापमान (°से)’ आपापल्या जागी बसतात. ही युक्ती मला फार उशिरा कळली. तोवर मी दोन चित्रं वेगळी काढून चिकटवत असे. फक्त डावीकडची अक्षरं उभी फिरवलेली येतात आणि शिरोरेषा उभी झाली की मराठी वाचवत नाही. ‘स्ट्रिप टेक्स्ट वाय लेफ्ट’चा कोन शून्य कर.

राखाडी पार्श्वभूमी मी काढूनच टाकते: ‘स्ट्रिप बॅकग्राउंड’ला ‘एलिमेंट ब्लँक’. अक्षरं ठळक, आणि ‘एचजस्ट’ शून्य, म्हणजे नाव चौकटीच्या डाव्या कडेला. आपण डावीकडून वाचतो, नाव तिथेच असावं. लांब नावासाठी ‘लेबल रॅप जेन’ आहे, पण ते रुंदी मोजून ओळ तोडतं, अर्थ पाहून नाही. चारच नावं असतील तर कुठे तोडायचं ते तूच ठरव.

वेगवेगळे आलेख ‘पॅचवर्क’ पॅकेजने जोडशील तेव्हा त्यांवर अ, आ, इ, ई अशा खुणा घाल. ‘टॅग लेव्हल्स’ला ‘लिस्ट’मध्ये ही अक्षरं दिली की येतात. मजकुरात ‘आकृती २ आ’ म्हणशील, तर चित्रावरही ‘आ’च हवं.

आता लिपी. पडद्यावर मराठी नीट दिसली म्हणून छापताना दिसेलच असं नाही. आरचं साधं ‘पीडीएफ’ देवनागरीला नाही चालत. ‘कैरो पीडीएफ’ घे. चित्र हवं असेल तर ‘रॅग’ पॅकेजमधलं ‘ॲग पीएनजी’ घे, त्यात जोडाक्षरं जुळतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. तपासायला ‘विदर्भ’ हा एकच शब्द पुरतो: पहिली वेलांटी ‘व’च्या आधी आली का आणि रफार ‘भ’च्या डोक्यावर बसला का, ते बघ. ती चौकट तुझ्या आलेखात आहेच.

आणि पाठवण्याआधी प्रत्येक चौकटीतला एक आकडा मूळ फाइलमधून शोध, कागदावर लिही आणि पट्टीवरच्या नावाशी ताडून पाहा. चार चौकटी, चार आकडे, पाच मिनिटं. तो कागदही आलेखाबरोबर मला पाठव.