आईची यादी आणि 'रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी' पावडर

भारतात जायचं तिकीट काढलं की घरून यादी येते. यंदा आईच्या यादीत बदाम आणि चॉकलेटांच्या खाली एक नवी ओळ होती: "रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी पावडर, दोन डबे." आईचं वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू. शेजारच्या काकूंच्या मुलानं त्यांना पाठवली म्हणे. तुमच्याकडेही अशा याद्या येत असतील. म्हणून डबे बॅगेत भरण्याआधी त्यात काय असतं ते पाहू या.

नळी नव्हे, जिवंत अस्तर

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्ताचा प्रवाह वाढला की हा थर नायट्रिक ऑक्साइड तयार करतो. हा वायू वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंपर्यंत पोचतो, स्नायू सैलावतात आणि वाहिनी रुंद होते. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर प्रयोग करून दाखवलं, की हे अस्तर खरवडलं गेलं तर अ‍ॅसिटिलकोलिन देऊनही वाहिनी सैलावत नाही. अस्तरातून निघणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना १९९८ सालचं नोबेल मिळालं.

नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला इस्ट्रोजेनची मदत होते. पाळी थांबली की ही मदत आटते. शिवाय वयानुसार धमन्या ताठर होतात. म्हणूनच पन्नाशीपर्यंत ज्यांचा रक्तदाब उत्तम होता, अशा अनेक बायकांचा तो साठीत चढू लागतो.

डब्यात काय असतं?

अशा पावडरींत मुख्यतः तीन गोष्टी असतात.

पहिली *आर्जिनिन*. शरीर नायट्रिक ऑक्साइड याच अमिनो आम्लापासून बनवतं, म्हणजे आर्जिनिन खाल्लं की काम झालं असं वाटतं. पण पोटातून गेलेलं बरंचसं आर्जिनिन आतडी आणि यकृतच मोडून टाकतात. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनिन दिलं होतं. फायदा दिसला नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणीत नवे रुग्ण घेणं थांबवावं लागलं.

दुसरी *सिट्रुलिन*. हे कलिंगडात असतं. यकृत त्याला सोडून देतं आणि मूत्रपिंडं त्याचं आर्जिनिन करतात, त्यामुळे हा मार्ग जास्त भरवशाचा आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांवरच्या चाचण्यांत रोज ६ ते १० ग्रॅम घेतल्यावर धमन्यांच्या कामात थोडी सुधारणा दिसली आहे. पण या चाचण्या मोजक्या स्त्रियांच्या आणि काही आठवड्यांच्या आहेत. झटका टळतो का, हे त्यातून कळत नाही. आणि एवढं सिट्रुलिन कलिंगडातून मिळवायचं तर रोज काही किलो खावं लागेल. मधुमेह असेल तर विचारूच नका!

तिसरी *बीट*. यातला नायट्रेट तोंडातले जीवाणू नायट्राइटमध्ये बदलतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतो. बीटच्या रसानं रक्तदाब थोडा उतरतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. जंतुनाशक माउथवॉशनं रोज चुळा भरल्या तर हे जीवाणू मरतात आणि फायदा घटतो. पण नायट्रेट पालक, माठ, मुळ्याचा पाला यांतही भरपूर असतो. भाजी उकडून पाणी फेकू नका, एवढंच. मूतखड्याचा त्रास असेल तर मात्र बीट-पालक जपून.

लक्षात ठेवा, अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार असे पूरक पदार्थ विकण्याआधी ते उपयोगी आहेत हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. डब्यावरचं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे.

मग व्यायाम?

इथेही एक गोम आहे. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी उतारवयातल्या स्त्री-पुरुषांना आठ आठवडे भरभर चालायला लावलं. पुरुषांच्या धमन्यांचं अस्तर सुधारलं, पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही. मग चालून उपयोग काय? आहे. त्याच भागातल्या आधीच्या अभ्यासात चालण्यामुळे अशा स्त्रियांच्या मानेतल्या धमनीची लवचीकता वाढली होती. शिवाय रक्तदाब, साखर, स्नायू आणि तोल यांना व्यायामाचा फायदा होतोच. एकही डबा हे सगळं एकदम करत नाही.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. जोडीला दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. भरभर चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, हे मध्यम श्रमाचं सोपं माप. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हा ताकदीचा व्यायामच आहे.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. "म्हणजे आणणार नाहीस," ती म्हणाली. डबे नाही आणणार. तिच्या मापाचे चालायचे बूट आणि दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र आणतो आहे. तुमच्या घरी कुणी आधीच पावडर घेत असेल, तर डबा डॉक्टरांना दाखवायला सांगा. रक्तदाबाच्या किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन रक्तदाब फार खाली जाऊ शकतो.