तरुण आणि धर्मग्राम : विहीर एकच

तरुणांची संघटना वेगळी, धर्मग्राम वेगळा, असे आपण मानू नये. बेल्जियममध्ये १९२५ साली फादर जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांची संघटना उभारली. ‘पाहा, पारखा, करा’ ही तिची रीत. १९२९ पासून फ्रान्समधील शेतकरी तरुणांनीही तीच धरली. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी परिपत्रकातून तिची शिफारस केली.

पावसाळ्यातली आपली विहीरच घेऊ. तरुणांनी पाणी पाहावे, मोजावे. घाण कोठून झिरपते, हे जाणत्यांनी सांगावे. मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरची निवळी विहिरीत सोडावी. तासभर पाणी काढू नये. खर्च धर्मग्रामाने उचलावा. तरुणांना निर्णयात न घेता नुसत्या सणाला खुर्च्या उचलायला बोलावले, तर पुढे तेही येणार नाहीत.