शंभरातले पंधरा : ॲप स्टोअरची फी आणि आपण

फायनल इयरला ॲप करायचे, ते प्ले स्टोअरवर टाकायचे आणि चार पैसे मिळवायचे, हा बेत आपल्या हॉस्टेलच्या कुठल्या ना कुठल्या खोलीत शिजत असतोच. गूगलकडे एकदाच २५ डॉलर भरून खाते उघडते, ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर लागतात. एवढा खर्च सगळ्यांना माहीत असतो. कमिशनचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही.

मुळात कमिशन सगळ्यावर नसते. संत तुकाराम नगरमधल्या मेसचा डबा ॲपवरून मागवला, तर त्यात स्टोअर काही घेत नाही. पण एम-थ्रीच्या सोडवलेल्या पेपरांचे सबस्क्रिप्शन विकले, की तो डिजिटल माल झाला आणि स्टोअरचा वाटा आला. हा वाटा पूर्वी साधारणपणे ३० टक्के असे. २०२१ मध्ये आधी ॲपलने आणि मग गूगलने छोट्यांसाठी, म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर, तो १५ टक्के केला.

समजा ५०० मुलांनी वर्षाचे १०० रुपये भरले. झाले ५०,००० (जीएसटी तूर्त बाजूला ठेवू). ३० टक्क्यांनी १५,००० गेले असते, आता ७,५०० जातात. उरलेल्या पैशांत सर्व्हरच्या भाड्याला हातभार लागतो. ही कपात खरीच कामाची.

दुसरीचे तसे नाही. स्वतःचीच बिलिंग पद्धत लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला (अपिलात, मार्च २०२५ मध्ये, तो २१६.६९ कोटींवर आला). मग गूगलने दुसऱ्याच्या बिलिंगला मुभा दिली, पण फी घटवली फक्त ४ टक्क्यांनी. १५ चे ११! आपल्या हिशोबात गूगलला ५,५०० आणि गेटवेने २ टक्के घेतले तर त्याला १,०००. वाचले किती, तर हजार रुपये. त्या बदल्यात रिफंड, अडकलेले पेमेंट, तक्रारी सगळे आपल्या गळ्यात, तेही ऐन सबमिशनच्या दिवसांत. मोठ्या कंपनीला ४ टक्क्यांत कोटी दिसतात, आपल्याला फक्त डोकेदुखी.

आणि फीवरून बिनसले तर? १ मार्च २०२४ ला अशाच वादात गूगलने भारत मॅट्रिमनीसह काही भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लक्ष घातले आणि काही दिवसांत ती परत आली. आपल्या खोलीतल्या ॲपसाठी कोण मंत्री धावणार? तेव्हा नोट्स वेबसाइटवरही ठेवा आणि पैसे भरणाऱ्यांचे ईमेल, अर्थात त्यांना विचारून, पहिल्या दिवसापासून स्वतःकडे जमा करा.